न भाजणारा हात

आमच्या गल्लीत उन्हाळ्यात वाळवणाचे बिबडे करायचे ठरले की पहिला निरोप भिकुबाईअक्कांना जायचा. ज्वारीच्या पिठाचा शिजवलेला घाटा चुलीवरून उतरला की आम्ही हात पाण्यात बुडवून बुडवून तो ओल्या कापडावर थापायचो, तरी बोटं लाल व्हायची. अक्का सरळ पातेल्यात हात घालायच्या. हात असावा तर असा, म्हणायच्या सगळ्या. त्याही हसायच्या.

पुढे त्यांची करंगळी वाकली. दोन वर्षांनी दवाखान्यात दाखवलं, तर कुष्ठरोग निघाला. चटका न लागणं हीच त्याची सुरुवात होती, असं डॉक्टर म्हणाले. वर्षभर गोळ्या घेतल्या, रोग गेला. करंगळी वाकडीच राहिली. सुनेने तेव्हा ताट वेगळं केलं होतं, ते अजून वेगळंच आहे. त्याबद्दल अक्का बोलत नाहीत. आजाराचं मात्र पहिल्यापासून सगळं सांगतात, लग्नाची पत्रिका द्यायला आलेल्या माणसालासुद्धा. माझी मोठी जाऊ ताईबाई म्हणते, यांची पोथी सत्यनारायणापेक्षा मोठी. मीही आठ-दहा वेळा ऐकली. ऐकताना माझं लक्ष घरच्या कामात असायचं.

यंदा अक्कांच्या जागी घाटा थापायला मी बसले. मलाही चटका लागत नव्हता. अक्कांची गादी आता तू चालव, असं ताईबाई म्हणाली. मला बरं वाटलं होतं.

परवा एकादशीची आरती झाल्यावर निरांजन उचलून ठेवलं. भांडी घासताना तळहातावर फोड दिसला. कधी भाजलं ते आठवेना. तेव्हा अक्कांची सगळी हकिकत आठवली, शब्दाला शब्द. भीती वाटायला हवी होती. वाटली नाही. देवापुढे बसले, काही मागितलं नाही. वेगळं ताट तेवढं डोळ्यांसमोर येत होतं.

सकाळी अक्कांकडे गेले. त्यांनी मला डोळे मिटायला लावले आणि कापसाची वात हातावर फिरवली.

"समजनं का?"

"फिरवली का तुम्ही?"

त्यांनी वाकडी करंगळी पदराखाली लपवून दाखवली. "दोन वरीस मी हात पदरमा दपाडा. तू नको दपाडू."

घरी परतले तर दारात ताईबाई. घाटा उतरला होता, बायका थांबल्या होत्या.

"मी येत नाही," मी म्हटलं. "दवाखान्यात हात दाखवायला चाललेय."

"काय झालं हाताला?"

मी ओट्यावर बसले, हातावरचा पदर बाजूला केला आणि पहिल्यापासून सांगायला लागले.