चरात दगड कोण घालतं

सिंगापुरात बुकित तिमाहला आमच्या काँडोच्या, म्हणजे खासगी सोसायटीच्या, मागून जंगलात एक मातीची वाट जाते. डोंगरी सायकलवाले तिला ट्रेल म्हणतात. ती राखण्याचं काम एक सायकल क्लब करतो. पडलेल्या फांद्या उचलायच्या, निखळलेले ओंडके बसवायचे आणि मुख्य म्हणजे पाणी काढून द्यायचं. इथे पाऊस बाराही महिने. वाटेवर पाणी थांबलं की चाकं माती कापतात आणि पुढची सर ती घेऊन जाते. म्हणून वाटेला तिरके चर खणून पाणी बाजूच्या उतारावर सोडतात. दर रविवारी सकाळी हे काम चालतं. सायकल न चालवणारे शेजारीही येतात. मी त्यांतलीच एक.

क्लबच्या रविवारच्या टोळीचा मुख्य आमच्याच इमारतीत राहतो. पुण्याचा, बँकेत नोकरी, पीआर, म्हणजे इथला कायमचा रहिवासी, होऊन बरीच वर्षं झालेली. रविवारी साफ केलेले चर पुढच्या रविवारी बुजलेले दिसायला लागले, तेव्हा पहिल्यांदा त्यानेच सांगितलं, की पावसाने गाळ येतो, दगड रांगेत येत नाहीत.

मग प्रत्येकाने इकडेतिकडे बघायला सुरुवात केली. वाटेवर सकाळी कोण असतं, कोण नमस्काराला उत्तर देत नाही, कोण क्लबच्या पाटीपाशी थांबून वाचतं. उद्यानाच्या अधिकाऱ्याने येऊन पाहणी केली. मुद्दाम कुणी करत असेल तर पुराव्यासह कळवा, त्या माणसाला इथे बंदी करू, असं तो म्हणाला. नाव कुणी घेतलं नाही. घेण्याची गरज नव्हती.

वाटेच्या तोंडाशी सरकारी फ्लॅटमध्ये एक वयस्कर चिनी गृहस्थ राहतात. सगळे त्यांना अंकल म्हणतात. एक गुडघा अधू, हातात काठी. डॉक्टरांनी रोज चालायला सांगितलेलं. मोठ्या बागेकडे जायचं तर रस्त्यावरच्या पुलाचे जिने चढावे लागतात, ते त्यांना झेपत नाहीत. ट्रेलचा सुरुवातीचा भाग जवळजवळ सपाट आहे. तेवढाच त्यांना चालता येतो. बंदी झाली असती, तर त्यांचं चालणं संपलं असतं.

पण सायकलवाल्यांशी त्यांचं पटत नव्हतं, हेही खरं. एकदा मागून जोरात आलेल्या सायकलला ते माझ्यासमोर ओरडले होते, "बेल नाही का? मला धडकल्यावर वाजवणार?"

टोळीतल्या एका तमिळ इंजिनिअरने त्यांचा फोटो काढला. चराजवळ वाकलेले, काठी काखेत, हातात दगड. फोटो क्लबच्या ग्रुपवर आला आणि कुणाला शंका उरली नाही. तक्रार लिहिण्याचं काम माझ्याकडे आलं.

"ताई, तुम्ही पेपरात होतात. तुमच्याइतकं मोजकं आम्हाला नाही जमणार," मुख्य म्हणाला.

मजकूर लिहिताना मी एका वाक्यापाशी अडले. 'अंकल चरात दगड ठेवताना दिसले.' फोटोत दगड हातात होता. तो ठेवला जातोय की उचलला जातोय, हे फोटोवरून सांगता येत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी तो चर पाहून आले. मोठे दगड खाली, त्यांच्या मागे फटींत बारीक चिपा ठोकून बसवलेल्या. दोन्ही टोकं उंच, मध्यभाग खाली, जास्तीचं पाणी मधून जावं म्हणून. रागाने दगड टाकणारा माणूस चिपा बसवत नाही. अशी रचना मी बातमीदारी करताना दुष्काळी तालुक्यांतल्या ओढ्यांवर पाहिली होती. तिथे तिला अनगड दगडी बांध म्हणतात. सिंगापूरच्या जंगलात तो कुणी घालावा?

त्या क्षणापासून माझा संशय दुसरीकडे वळला. आमच्या इमारतीत मराठी घरं मोजकी आहेत, आणि त्यांतली बहुतेक माणसं ऑफिसात जाणारी. मी दगडांचे फोटो घेऊन संध्याकाळी मुख्याकडे गेले.

त्याचे वडील सोफ्यावर बसले होते. मृदसंधारणाच्या कामांवर आयुष्य गेलेलं. मुलाकडे काही महिने राहायला आलेले. मुलगा फोन हातात घेऊन फोटो मोठा करून बघत होता. वडील चष्मा सावरत वाकले.

"मधला भाग वीतभर अजून खाली हवा होता," ते म्हणाले. "पण एकट्याने किती करणार?"

मुलाने फोनवरून मान वर केली.

"बाबा, हे तुम्ही केलंय?"

"मग कोण करणार? तुम्ही लोक दर रविवारी जाऊन पाण्याला वाट करून देता. सगळं वाहून चाललंय. अडवायला नको कुणी?"

"इथे अडवायचं नसतं बाबा! इथे रोज पडतो!"

"रोज पडतो म्हणून वाया घालवायचा?"

आतल्या खोलीच्या दारात नात उभी होती. "आजोबा, सो इट्स यू लाह!" असं इथल्या इंग्रजीत म्हणून ती हसत सुटली. तिच्या बापाने तिच्याकडे असं पाहिलं, की ती आत गेली.

"अहो पण," आजोबा माझ्याकडे वळले, "माझे बांध कोण तरी रोज उपसतंय. एक म्हातारा आहे काठीवाला. माझा त्याच्यावरच संशय आहे."

फोटोतला दगड कुठल्या दिशेने चालला होता, ते आता कळलं. वाटेवर साचलेल्या पाण्यात अंकलची काठी घसरत होती, म्हणून ते चर मोकळे करत होते. रविवारी आम्ही करायचो तेच.

मुख्य मला लिफ्टपर्यंत सोडायला आला. "तक्रार पाठवू नका. पुरावा पुरेसा नाही, एवढंच सांगू. बाबा व्हिजिट पासवर आहेत, परत पाठवतील."

"फोटो तुझ्या इंजिनिअरकडे आहे," मी म्हटलं. "मी नाही पाठवली तर तो पाठवेल."

लिफ्ट आली आणि गेली. तो तिथेच उभा राहिला.

रविवारी त्याने काम सुरू होण्याआधी सगळ्यांना सांगितलं. शब्द वाढवले नाहीत, वडिलांच्या वयाचं कारण दिलं नाही. तमिळ इंजिनिअरने आधी फोटो पुसला, मग विचारलं, "तो बांध काढायला मला पहार लागली. तुझ्या वडिलांना पगारावर घेऊ या का?" काही जण हसले. एक बाई हसली नाही. "तुला खरंच माहीत नव्हतं?" तिने मुख्याला विचारलं. तो नाही म्हणाला. तिने मान हलवली, पण नंतर काम करताना ती त्याच्यापासून लांबच राहिली.

ग्रुपवर अंकलवरचा संशय मिटला, तो त्यांच्या कानावर कुणी घातला नव्हता. पण फोटो काढताना त्यांनी पाहिलं होतं. त्या दिवसापासून ते ट्रेलवर येईनासे झाले होते. ब्लॉकच्या खालच्या मोकळ्या जागेत खांबांमधून फेऱ्या मारत होते.

त्याच रविवारी आजोबा तिथे स्वतः गेले. मुलाने बरोबर येऊ नये, अशी अट घातली. त्यांचं इंग्रजी तोडकंमोडकं होतं, म्हणून मला नेलं. अंकल आम्हाला बघून थांबले.

"स्टोन, मी," आजोबा छातीवर हात ठेवून म्हणाले. "यू नो मिस्टेक. प्लीज कम."

अंकलनी त्यांना नीट न्याहाळलं, मग मला.

"क्लबने पाठवलं?"

"नो क्लब. ओन्ली मी."

अंकलनी काठी उचलून रस्त्याकडे रोखली. तिथे पार्क केलेल्या गाडीमागे मुख्य उभा होता, अर्धा लपलेला.

"मग तो कोण?"

आजोबा वळले, मुलाला पाहिलं आणि मराठीतून जे बोलले, त्याचं भाषांतर करण्याची गरज पडली नाही. अंकल पहिल्यांदाच हसले. पण ट्रेलकडे वळले नाहीत.

"टुमॉरो," ते म्हणाले. "आधी फोटो काढणारे फोनवाले जाऊ देत."