शिरगाव नाक्याची मोजणी

शिरगावच्या नाक्यावर सिग्नल हवा, हे हरिचंद्रने इतक्यांदा सांगितलं होतं की लोक त्याला लांबून बघूनच गल्ली बदलत. कारण मात्र खोटं नव्हतं. त्याची नात भाविका कात्रपच्या शाळेत जाताना हाच नाका ओलांडायची, आणि मागे एका भरधाव टेम्पोने तिच्या खांद्यावरचं दप्तर ओढून नेलं होतं. पोरगी थोडक्यात वाचली.

शेवटी वाहनं मोजायला हिमानी नावाची तरुण इंजिनिअर आली. तिने रस्त्यात दोन रबरी नळ्या आडव्या ठोकल्या आणि खांबाला सेन्सरची पेटी बांधली. नळीवरून चाक गेलं की पेटीत नोंद. आठवडाभराच्या आकड्यांवर सिग्नल ठरणार होता. हरिचंद्र खुर्ची टाकून पेटीची राखण करत बसला.

त्याच आठवड्यात त्याच्या धाकट्या मुलाची, सनीची हळद होती. मांडव दारात पडतो, आणि दार रस्त्यावर असलं तर मांडवही रस्त्यावर, यात विचारायचं काय? बांबू रोवले गेले, डीजेच्या भिंती उभ्या राहिल्या, गाड्या मागच्या रस्त्याने वळल्या. नळ्यांवर सतरंज्या पडल्या आणि त्यांवर पाहुणे नाचले. पेटीला धक्का लागता कामा नये, एवढं मात्र हरिचंद्रने मांडववाल्याला बजावलं.

आकडे आले. एवढ्याशा वाहनांसाठी सिग्नल बसत नाही, असं हिमानीने सांगताच हरिचंद्र पेटीवर, कंत्राटदारावर आणि अख्ख्या सरकारवर घसरला.

"काका, पेटी ठीक आहे. चार दिवस रस्ताच बंद होता."

"कोनी केला बंद?" त्याने तावातावाने विचारलं.

हिमानीने डांबरातले बांबूचे खड्डे दाखवले.

तरी तिने पुन्हा मोजणी लावली. अट एकच, रस्ता उघडा हवा. आणि नेमकी त्याच आठवड्यात शेजारच्या दारात, त्याचा धाकटा भाऊ हिरामण याच्या मुलीची हळद ठरली. मांडव मैदानात घाल म्हणून हरिचंद्र विनवायला गेला. वाहतूक, नियम, लोकांची गैरसोय, सगळ्यावर बोलला. इतकी वर्षं हे त्याच्या पोटात कुठे दडलं होतं, देव जाणे. हिरामणने सगळं ऐकून घेतलं.

"दादा, तुझ्या पोराची हलद रस्त्यान, न माझ्या पोरीची मैदानान?"

उलट घरातला मोठा म्हणून पहिला बांबू हरिचंद्रलाच धरावा लागला.

सकाळी भाविका आजोबाचा हात सोडून मांडवाखालून एकटीच पलीकडे गेली. रस्त्यावर एकही गाडी नव्हती. मांडव उतरायला अजून तीन दिवस होते.