घोयरा जेवेल तेव्हा

सरड्यांवर माझा मुळीच जीव नाही. पालीवरही नाही. अंगणात सरडा दिसला की माझा हात आधी खराट्याकडे जात असे. आणि तरीही एका वैशाखात मी एका घोयऱ्यासमोर हात पसरून दिवसचे दिवस बसले. त्याला शिव्या घातल्या, विनवण्या केल्या आणि एकदा तर चक्क त्याच्या पाया पडले. घोयरा म्हणजे तो रंग पालटणारा, सुस्त, दोन डोळे दोन दिशांना फिरवणारा सरडा. आमच्याकडे त्याला विषारी समजत. तो थुंकला तर माणसाचे डोळे जातात, असं सासूबाई शपथेवर सांगत.

एकोणीसशे तीस-बत्तीस साल असेल. राजापूर तालुक्यातलं आमचं गाव, नाटे बंदरापासून दोन कोस आत. घरात सासूबाई, धाकटे दीर, मी आणि माझी सात वर्षांची मुलगी. नवरा मुंबईला गिरणीत. मुलीला मुदतीचा ताप आला आणि तो उतरायला महिना गेला. वैद्य शेवटचे आले तेव्हा ओटीवरूनच म्हणाले, "ताप गेला. आता पोटात अन्न गेलं तर पोर तुमची. नाही तर मला पुन्हा बोलवू नका." मला त्यांचा इतका राग आला की मी त्यांना पाणीही विचारलं नाही. पण माणूस खोटं बोलत नव्हता.

अन्न काही पोटात जाईना. पेज दिली की ती तोंड भिंतीकडे फिरवायची. मऊ भात नको, कुळथाचं कढण नको, गूळ नको. नवऱ्याने बोटीने येणाऱ्या एका गाववाल्याबरोबर बिस्किटांचा डबा धाडला. तिने डब्यावरचं चित्र पाहिलं आणि डबा माझ्या हातात परत दिला. तिच्या हातातली काचेची बांगडी कोपरापर्यंत सरकत असे. मी जबरदस्तीही करून पाहिली. नाक दाबून चमचा घातला, तर सगळं उलटून पडलं. त्या दिवशी मी न्हाणीत जाऊन स्वतःच्या तोंडात मारून घेतलं.

पावसाळ्याच्या बेगमीची लाकडं तोडताना दिरांना एका फांदीवर घोयरा सापडला. मागच्या पायाला कोयत्याचा ओरखडा होता. पोरीला तेवढीच करमणूक म्हणून त्यांनी तो आणला, कमरेला दोरा बांधला आणि तिच्या अंथरुणासमोर, अंगणाच्या दाराशी, वाळू भरलेल्या मडक्यात रातांब्याची फांदी रोवून त्यावर ठेवला. कितीतरी दिवसांनी माझी मुलगी उशीवरून डोकं उचलून काहीतरी बघत होती.

"आये, ह्यो आपला काय गो?"

"व्हय बाय, आपला."

"मग त्येनं खाल्लान काय मी खाईन."

मी हसले. म्हटलं, सुटले! किडा-मुंगी खाणारं जनावर ते, त्याला खायला कितीसा वेळ लागणार? मी धावत गेले, गवतातून नाकतोडा पकडून आणला आणि वरून त्याच्या तोंडाशी धरला. तो काळाठिक्कर पडला. गळा फुगवला, तोंड वासलं आणि फुस्स केलं. मी नाकतोडा टाकून मागे सरले. मुलीने पुन्हा भिंतीकडे तोंड केलं.

त्या दिवशी तो जेवला नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. मी वाटीत पाणी ठेवलं, त्याने ढुंकून पाहिलं नाही. सासूबाईंनी नागाला दाखवतात तसं दूध ठेवलं, त्यालाही शिवला नाही. नुसते किडे फांदीवर सोडून आम्ही दूर बसून पाहिलं, तर तो आम्हाला पाहून अंग चोरून फांदीच्या मागे जाई. एक डोळा माझ्यावर, एक डोळा किड्यावर. अशी नजर मी फक्त सासूबाईंचीच पाहिली होती, पण तेव्हा हसू कुणाला येत होतं! घरात उपाशी दोघं होती आणि त्यातल्या एकाला माझी भीती वाटत होती. मला त्याचा गळा दाबावासा वाटे. तेही शक्य नव्हतं. त्याच्या पोटावर माझ्या पोरीचं पोट अडलं होतं.

तिसऱ्या दिवशी अंगणात घार फिरली. कोंबडी पिल्लांवर पसरली आणि फांदीवरचा घोयरा तसाच काळा पडला, जसा माझा हात पाहून पडत असे. तेव्हा मला उमगलं की वरून येणारं जे काही असेल ते त्याच्या लेखी मरण. मी हात धुतला, बांगड्या वर सारल्या आणि तळहात फांदीच्या खाली, वीतभर लांब धरून बसले. कोपर मडक्यावर टेकवलं. हलायचं नाही, बोलायचं नाही. हाताला मुंग्या आल्या, माश्या बसल्या. सासूबाई दारातून ओरडल्या, "अगो, हात सडंल तुजा!" मी मनात म्हटलं, सडू दे.

असा मी सकाळी तासभर आणि दुपारी तासभर हात धरला. दर वेळी बोटभर जवळ. तो काळा पडला की तिथेच थांबायचं, हिरवा झाला की सरकायचं. मनात मात्र आकांत चालला होता. मुलगी आता बोलतही नव्हती. तिच्या ओठांवर मी पेजेचं पाणी लावत होते, ते सुकून पांढरं होत होतं. पाचव्या दिवशी कोणी बघत नाही असं पाहून मी त्या जनावरापुढे डोकं टेकलं. "खा रे बाबा," म्हटलं, "काय हवं ते घे माझं, पण खा."

त्याने लगेच ऐकलं वगैरे काही झालं नाही. मी पानांवर पाणी शिंपडलं तेव्हा मात्र थेंब टिपायला तो पुढे आला. एक पाय हवेत तसाच धरून तो बराच वेळ डुलत राहिला. मग त्याने तो पाय माझ्या बोटावर ठेवला. दोन बाजूंच्या बोटांनी चिमट्यासारखी पकड. मला शिसारी आली आणि त्याच वेळी रडूही आलं. मी डाव्या हाताने एक लहानसा नाकतोडा माझ्याच तळहातावर ठेवला. जीभ कधी गेली आणि कधी आली, कळलंच नाही. फक्त त्याचे गाल हलताना दिसले.

अंथरुणातून आवाज आला, "आये, पेज."

चार चमचे गेले. दुसऱ्या दिवशी सहा. घोयऱ्याने आधी खायचं आणि मग तिने, हा नेम झाला. हात खाली धरला की तो आपणहून उतरून येई. मग तो तिच्याही हातावर बसू लागला. आठवड्याने तिने वाटीभर पेज संपवली आणि सासूबाईंना आनंद आवरेना. ज्या जनावराला त्या विषारी म्हणत होत्या त्याला त्यांनी मुलीशेजारी ठेवलं. "दोगांचीपन दिष्ट काढतंय," म्हणाल्या. मीठ, मोहरी आणि मूठभर सुक्या मिरच्या ओवाळून त्यांनी तिथेच निखाऱ्यावर टाकल्या. असा ठसका उठला की मी मुलीला उचलून अंगणात पळाले. परत येऊन पाहिलं तर मडक्यातली फांदी रिकामी होती आणि दोरा तुटून लोंबत होता.

सासूबाईंवर मी ओरडले नाही. त्या खांबाला टेकून स्वतःच्याच कपाळावर हात मारत होत्या.

"पानाआड झोपलाय तो," मी मुलीला सांगितलं. ती माझ्याकडे बघत राहिली. रात्री जेवली नाही. दुसऱ्या दिवशी सकाळीही नाही. मी फणसावर पाहिलं, कुंपणाच्या वईवर पाहिलं आणि मग उन्हात, तशीच उपाशी, गावामागच्या उघड्या सड्यावर निघाले. पाय कातळावर भाजत होते. करवंदीच्या एकेका जाळीत वाकून बघत होते. हात काट्यांनी सोलवटले. दिवस कलायच्या सुमाराला एका जाळीत घोयरा दिसला. तितकाच मोठा, तसाच हिरवा, फक्त मागच्या पायावर ओरखडा नव्हता. पहिल्यासारखं हात धरून बसायला आता वेळ कुठला होता? पदर टाकून पकडला.

घरी येऊन त्याच्या कमरेला तसाच दोरा बांधला. मुलीला उठवून बसवलं. "बघ, उठला तो," म्हटलं आणि हात खाली धरला. तो फुगला, काळा पडला आणि माझ्या बोटाला कडकडून चावला. मी बोट काढून घेतलं नाही. "बघ, आला का नाय हातावर?" असं हसत म्हणत राहिले. डोळ्यांतून पाणी वाहत होतं, ते माझं मलाच कळत नव्हतं.

मुलीने त्याच्याकडे पाहिलं. मग माझ्या बोटाकडे, मग माझ्या तोंडाकडे.

"सोड त्येला, आये. ह्यो आपला नाय."

मी त्याच्या तोंडातून बोट सोडवलं.

"पेज आण," ती म्हणाली. "मी जेवतंय."

तिला भूक नव्हती. एकेक घोट ती डोळे मिटून गिळत होती आणि प्रत्येक घोटानंतर, माझं रडणं थांबलं की नाही ते पाहत होती. वाटी रिकामी झाली तशी तिने ती माझ्यापुढे सरकवली.

"आता तू जेव," म्हणाली.