अकरावी पट्टी

खळमामांना चाळीस वर्षांत कोणी चूक दाखवली नव्हती, कारण कोणी दाखवायच्या आत तेच समोरच्याची चूक काढून मोकळे व्हायचे. पुस्तकबांधणीचं दुकान त्यांचं. खळ म्हणजे बांधणीला लागणारी पिठाची चिकट लापशी. ती त्यांच्या दोन्ही हातांवर कोपरापर्यंत कायम असायची, कुठे ओली, कुठे वाळलेली, म्हणून हे नाव पडलं. लग्नाच्या दिवशीसुद्धा ती निघाली नव्हती, असं मामी अजून सांगतात. मामी म्हणजे त्यांची बायको. दुकानात समोर बसून त्या फर्मे, म्हणजे छापील पानांच्या घड्या, शिवायच्या आणि नवऱ्याचा तोरा सोसायच्या. दोन्ही कामांना सारखीच चिकाटी लागते.

त्या दिवशी दुपारी बारा वाजता मामांनी कटिंग मशीनचा दांडा ओढला. पाती खाली आली आणि एका जुन्या कुराणाची समोरची कड गुळगुळीत झाली. एका पानावर अरबी आणि शेजारी आपल्या भाषेतला अर्थ, असं ते जाडजूड पुस्तक होतं. मामींनी नवी शिवण घातली होती, मामांनी पाठ गोल केली होती. मामा स्वतःवर खूश झाले. पुठ्ठ्याचं माप घ्यायला त्यांनी बाजूला टाकलेलं जुनं कव्हर उचललं, तशी त्याच्या डाव्या पुठ्ठ्याआडून एक चिठ्ठी घसरून खाली पडली.

‘कृपया कडा अजिबात कापू नयेत. समासात पेन्सिलीने लिहिलेलं आहे. तेच हवं आहे.’

मामांनी कापलेल्या कडेवरून अंगठा फिरवला.

गिऱ्हाइकाची चिठ्ठी पहिल्या पुठ्ठ्याच्या आत असते, हा धंद्याचा रिवाज. आणि अरबी पुस्तक उजवीकडून उघडतं, हे मामांना पक्कं ठाऊक. नुसतं ठाऊक नव्हे, त्याचा अभिमानही. म्हणून त्यांनी उजव्या पुठ्ठ्याआड पाहिलं, तिथे काही नव्हतं, आणि ते कामाला लागले. पुस्तक आणून देणाऱ्या हॉस्पिटलातल्या सिस्टरने आपली चिठ्ठी जन्मभराच्या सवयीने डावीकडे ठेवली होती. एखाद्या अडाणी बाइंडरला ती पहिल्या झटक्यात सापडली असती. मामांना त्यांच्या हुशारीने बुडवलं.

समासातलं लिखाण मामींनी शिवताना पाहिलं होतं. मग सांगितलं का नाही, असं मामांनी विचारलं.

“तुम्हाला? कधी सांगायचं?” मामी म्हणाल्या. “मागच्या खेपेला बोलले, तर चार दिवस तोंड फिरवून जेवलात.”

दोन दिवसांपूर्वी सिस्टर आली तेव्हा मामा पुठ्ठे आणायला गेले होते. कामाच्या सूचना चिठ्ठीत आहेत म्हणत तिने मामींना पुस्तकाची बाकी हकिकत सांगितली होती, ती मामींनी आता सांगितली. पुस्तक डायलिसिसच्या वॉर्डातलं होतं. तिथे माणसं आठवड्यातून तीनदा चार-चार तास मशीनला जोडून पडतात. एका हातात सुया असतात, दुसरा मोकळा. कोण्या पेशंटने हे पुस्तक तिथे ठेवलं आणि ते या खाटेवरून त्या खाटेवर फिरायला लागलं. मागच्या महिन्यात त्यांच्यातला टॅक्सीवाला गेला. त्याच्या मुलीने सहा वर्षांपूर्वी मुसलमान घरात लग्न केलं, तेव्हापासून बापाने तिच्याशी बोलणं टाकलं होतं. शेवटची दोन वर्षं मात्र तो मशीनवर पडून याच पुस्तकाच्या समासात तिला लिहीत होता. पुस्तक तिला द्यायचं वॉर्डाने ठरवलं होतं. ती आजच पाच वाजता यायची होती आणि तिची बस सहाची होती.

“तिला लिहिलेलं आहे हे तिला माहीत आहे का?” मामांनी विचारलं.

माहीत होतं. सिस्टरने फोनवर सांगितलं होतं, म्हणूनच ती शहराच्या पार दुसऱ्या टोकाहून यायची होती.

मामांच्या मनात जे आलं ते सांगायला हवं, कारण ते आलं. समास किती रुंद होता, हे कोणी मोजून ठेवलं होतं? पुठ्ठा चढवायचा, वर छानसं कापड लावायचं, हातात द्यायचं. काही अक्षरं झिजली असतील, जुनं पुस्तक आहे. चाळीस वर्षांचं नाव शाबूत राहिलं असतं. मामांनी पुठ्ठा हातात घेतलासुद्धा. मामींनी उठून फळीवरचा पत्र्याचा डबा आणला आणि मामांसमोर आणून आपटला.

तो डबा मामांच्या उस्तादांच्या वेळेपासूनचा. कोणत्याही धर्माच्या पुस्तकाची कात्रणं रद्दीच्या पोत्यात टाकायची नाहीत, कोरी असली तरी डब्यात टाकायची, अशी त्यांची शिकवण होती. मामा देवाधर्माच्या फार वाटेला जात नसत, पण उस्तादांचा शब्द मोडायची त्यांची छाती नव्हती. कापल्याबरोबर त्यांनी पट्ट्यांचा तो गठ्ठा न बघता डब्यात लोटला होता. तीन सूत, म्हणजे जेमतेम बोटभर रुंदीच्या शेकडो पट्ट्या, आणि त्यात आधीच्या चार पुस्तकांच्याही मिसळलेल्या. या पुस्तकाचा कागद पिवळा होता, तेवढाच आधार.

साडेबारा वाजले होते. मामांनी पुठ्ठा खाली ठेवला.

पिवळ्या पट्ट्या मामी निवडत गेल्या आणि पेन्सिलीच्या पट्ट्या मामा त्यातून वेगळ्या काढत गेले. मग प्रश्न आला, कुठली पट्टी कुठल्या पानाची? मामांनी चाळीस वर्षांत हजारो पुस्तकं हाताळली होती, पण आतलं क्वचित वाचलं होतं. हलवायाने मिठाई खाऊ नये तसंच ते, असं ते म्हणायचे. आज इलाज नव्हता. त्यांनी चष्मा पुसला आणि पुस्तक उजवीकडून उघडलं.

पहिल्याच पानाच्या तळाशी सुबक अक्षरात लिहिलं होतं, ‘जो वाचेल त्याने का वाचतो ते लिहावं.’ खाली सही गणिताच्या मास्तरांची, आणि त्यांचं स्वतःचं उत्तर, ‘चूक काढायला बसलो. अजून या पुस्तकातली सापडली नाही, दोन माझ्या सापडल्या.’ मामांना हा माणूस आवडला आणि थोडा टोचलाही. पुढे कोर्टातल्या टायपिस्ट बाई होत्या. तीस वर्षं त्यांनी लोकांना या पुस्तकावर हात ठेवून शपथ घेताना पाहिलं होतं आणि जबान्या टाइप केल्या होत्या, म्हणून आत काय आहे ते त्यांना बघायचं होतं. एका म्हाताऱ्या चाचांनी लिहिलं होतं की लहानपणी सगळं अरबीत पाठ केलं, घोकंपट्टी चुकली की छडी खाल्ली, अर्थ मात्र या वयात, या खाटेवर कळतोय. एकाने नुसतं लिहिलं होतं, ‘मशीनचा आवाज ऐकू येत नाही तेवढा वेळ.’

ही मंडळी खालच्या रुंद समासात लिहिणारी, त्यामुळे वाचली. टॅक्सीवाला मात्र कडेकडेने लिहायचा. पुस्तक पोटावर टेकवायचं आणि मोकळ्या हाताने कडेच्या जागेत उभ्या ओळीत लिहायचं, अशी त्याची रीत. गाडी कडेला घ्यायची सवय माणसाला कुठेही सोडत नसावी. पानावर आतल्या बाजूला फक्त ‘ठके’ एवढी लेकीला मारलेली हाक उरली होती आणि ओळ पट्टीबरोबर गेली होती. अशा हाका मामांनी मोजल्या. अकरा होत्या.

आता पट्टी वाचायची आणि ती कशाला उद्देशून लिहिली ते पानात शोधायचं, एवढाच मार्ग. पहिली पट्टी सोपी गेली. ‘तू कुठल्या घरात गेलीस ते बघायला हे उघडलंय. भांडायला मुद्दे हवेत.’ ती सुरुवातीचीच. मग एक सापडली, ‘आईबापांशी मऊ बोलावं असं इथं आहे. तुला कोणी दाखवलं नाही वाटतं.’ आईबापांचा विषय कुठे येतो म्हणून मामांनी ऐंशी पानं वाचली. हाकेशी पट्टी जुळली तेव्हा तीन वाजले होते. पुढची मिळाली, ‘बापाने कसं वागावं तेही असेल. शोधतो.’ मामा ती हातात धरून थोडा वेळ बसले. त्यांच्या स्वतःच्या मुलाने याच दुकानात त्यांच्याशी भांडून दुसरा धंदा धरला होता. फोन मामीच करायच्या.

साडेचारला दहा पट्ट्या जागेवर होत्या, पातळ कागदाने मागून जोडलेल्या. अकरावी हाक होती ती एका गोष्टीशेजारी. मुलगा हरवलेल्या एका म्हाताऱ्या बापाचे डोळे रडून रडून पांढरे पडले, ती गोष्ट. मामांनी ती शेवटपर्यंत वाचली, दुसऱ्यांदा वाचली. तिच्या शेजारी टॅक्सीवाल्याने ‘ठके’ लिहिलं होतं, दोनदा गिरवून. आणि पट्टी नव्हती.

डबा उलटा केला. पोतं रिकामं केलं. मामी मशीनखाली आडव्या झाल्या, केरसुणीने कोपरे काढले, स्वतःचा पदर झटकून पाहिला. पाच वाजले.

मुलगी दारात उभी होती. तिशीची असेल. खांद्यावर पिशवी, आणि प्रवासाने उतरलेला चेहरा. बसायला सांगितलं तर बसली नाही. पुस्तक झालं का, एवढंच विचारलं. पुठ्ठा न चढवलेलं पुस्तक टेबलावर उघडं पडलं होतं, कडेने ठिगळं लावलेलं. मामींनी मामांकडे पाहिलं. अजूनही काहीतरी सांगता आलं असतं. कागद जुना होता, तुकडा आधीच गळून गेला होता, असं काहीही.

“पोरी, माझ्या हातून चूक झाली,” मामा म्हणाले. “कापू नका म्हणून चिठ्ठी होती, मी बघितली नाही. तुझ्या वडिलांनी लिहिलेलं मी कापलं. दहा जोडलेत. एक हरवलं. या पानावरचं.”

मुलीने पान पाहिलं. कुठली गोष्ट आहे हे तिला वाचावं लागलं नाही, तिने ओळखली. ‘ठके’वर बोट ठेवलं आणि पुढच्या कोऱ्या कडेवरून ते सरकून हवेत गेलं.

“याच पानावरचं?” तिने विचारलं.

मामांनी दोन्ही हात कोपरापासून वर उचलून तिच्यासमोर जोडले.

मुलगी त्यांच्या तोंडाकडे बघतच नव्हती. ती त्यांच्या हाताकडे बघत होती. उजव्या हाताच्या खालच्या अंगाला, कोपराजवळ, वाळलेल्या खळीत एक पिवळी पट्टी घट्ट चिकटली होती. बारा वाजल्यापासून मामा तिला अंगावर घेऊन सगळं दुकान पालथं घालत होते.

मामींनी कोमट पाण्याचा बोळा लावून ती सोडवली. मामा जागचे हलले नाहीत, श्वासही जपून घेत होते. पट्टी सुटली, अक्षर पुसट झालं होतं, पण होतं. ती मुलीने वाचली आणि मग मोठ्याने वाचली.

“सहा वर्षं तुझ्या गल्लीतून गाडी नेली. हॉर्न वाजवायचा धीर झाला नाही. चूक माझी.”

ती स्टुलावर बसली.

“संध्याकाळी एक टॅक्सी यायची,” ती म्हणाली. “आमच्या घरासमोर हळू व्हायची. मला नंबर पाठ होता. मी पडदा ओढून घ्यायचे.”

मामी तिच्याजवळ जाऊन उभ्या राहिल्या. मामांनी पट्टी पानाला लावली, पातळ कागद ठेवला, खळ फिरवली. वाळेपर्यंत दाबून धरायला लागेल असं त्यांनी सांगितलं, तर मुलगी म्हणाली, मी धरते. सहाची बस गेली तरी ती दोन्ही तळवे त्या पानावर ठेवून बसली होती. मामा दुकानाच्या मागच्या खोलीत गेले आणि मामींनी ऐकलं, ते फोनवर मुलाला विचारत होते की घरी आहेस का, आणि मी आलो तर चालेल का.