चिमीची वेणी

रत्नागिरीच्या बाजारात ताज्या आमसुलांचा आंबट वास आला, की मला पूर्णगडचं आमसुलं वाळत घातलेलं एक अंगण आठवतं. मी तेव्हा समाजसेविका होते. लहानग्या चिमीची आई आजारी पडली म्हणून तिला आम्ही सुशीलाकाकींच्या घरी सांभाळायला ठेवलं होतं. तीन वर्षांनी आई बरी झाली आणि चिमीला परत न्यायचा आदेश आला.

न्यायला गेलो त्या दिवशी आई आमच्या जीपमध्येच बसून राहिली. उतरायचा तिला धीर होईना. आत काकी चिमीची वेणी घालत होत्या, सोडत होत्या, पुन्हा घालत होत्या. मी दारात अडकले. आत जाऊन 'चला' म्हणवेना आणि बाहेर त्या आईकडे बघवेना. तेव्हा वाटलं, काकी वेळ काढताहेत.

शेवटी काकीच जीपपाशी गेल्या. "उतर गो. कधीची वाट बघतेय तुझी. केस ओढले की रडते चिमी. ये, दाखवते तुला."

आज कळतं, काकी त्या आईसाठीच थांबल्या होत्या.

आईने वेणी घातली. चिमी रडली नाही, पण तिच्या मुठीत काकींचा पदर होता. निघायची वेळ झाली तरी काकी आणि आई, दोघींपैकी कुणालाच तो सोडवेना. ती मूठ मी उघडली.