दोन बोटं माया

माझा मामा शिंपी. बाजाराच्या मागच्या गल्लीत त्याचं दुकान आहे. दोन मशीन, कापायचं एक टेबल आणि पडद्याआड कपडे घालून बघायची चिंचोळी जागा. मी तिथे काजं-बटणं आणि हातशिलाई करते, शिवाय मामावर खेकसते. हे दुसरं काम मामी गेल्यापासून माझ्याकडे आलं.

मुलांचा कपडा शिवताना मामा शिवणीत दोन बोटं कापड जादा ठेवतो. आमच्या धंद्यात त्याला माया म्हणतात. मूल वाढलं की शिवण उसवायची, माया बाहेर सोडायची, कपडा आणखी वर्षभर चालतो. कपडा न्यायला आलेल्या प्रत्येक आईला तो बजावतो, "पुढच्या वर्षी घेऊन या, सोडून देतो."

म्हणून त्या दिवशी माझ्याच लेकीचे शाळेचे फ्रॉक हातशिलाईला घेतले आणि मी चक्रावले. शिवणीत माया नखाएवढी. दुसरा फ्रॉक पाहिला, तोही तसाच.

"मामा, कापड कमी पडलं का रे?"

"नाही."

"मग माया कुठाय?"

"कशाला हवी? पुढच्या वर्षी कोण बसलंय उसवायला?" असं म्हणून त्यानं मशीन सुरू केलं.

मामीची आठवण आली असेल, असं समजून मी सुईत दोरा ओवू लागले. तेवढ्यात टेबलाच्या कडेला खडूनं लिहिलेले आकडे दिसले. एकोणतीस, सत्तावीस, पंचवीस.

"हे कोणाचं माप?"

"आहे एक गिऱ्हाईक."

"रोज दोन इंच बारीक होतंय की काय?"

मामा हसला नाही. माझ्या फालतू विनोदांनाही तो एरवी खो खो हसतो. थोड्या वेळानं तो टेप घेऊन पडद्याआड गेला तेव्हा मी सरळ पडदा सारला. सदरा वर करून तो स्वतःच्या कमरेचं माप घेत होता. मणक्यापासून डाव्या कुशीपर्यंत लालबुंद फोडांचा पट्टा, आणि टेपचं टोक शेवटच्या फोडावर.

"नागीण आहे," तो म्हणाला. "तोंड न् शेपटी जुळली की माणूस संपतो. कमर चौतीस, पंचवीस इंच उरलेत. रोजचे दोन धरले तर बारा दिवस. तेवढ्यात सगळ्या पोरांचे गणवेश होतात बघ, मी हिशेब केलाय."

मला रडू फुटलं आणि त्याहून जास्त राग आला. आपल्या मरणाचा दिवस टेपनं मोजत हा माणूस काज करायला माझ्याकडे फ्रॉक देत होता! मी दुकानाचं शटर ओढलं आणि त्याला हाताला धरून दवाखान्यात नेलं.

डॉक्टरबाईंनी फोड पाहिले. "कधीपासून?"

"फोडांचा आज तिसरा दिवस. आग आधीपासून होती."

"वेळेत आलात. वय?"

"बासष्ट."

"लहानपणी कांजिण्या आल्या होत्या?"

"मला आणि ताईला, एकाच उन्हाळ्यात." ताई म्हणजे माझी आई.

"आणखी काही औषधं चालू आहेत?"

मामानं खिशातून सांधेदुखीच्या गोळ्या काढल्या. बाईंनी पाकीट वाचलं. "यांनी सांधे शांत राहतात, पण अंगाची प्रतिकारशक्तीही मंदावते. आपल्या मनानं बंद मात्र करू नका, मी तुमच्या त्या डॉक्टरांशी बोलते. झोप कशी आहे?"

मामानं माझ्याकडे पाहिलं. शेवटी मीच सांगितलं की मामी आठ महिने अंथरुणाला खिळून होती, तिच्या उशाशी हाच बसायचा, आणि तेव्हापासून याच्या डोळ्याला डोळा नाही.

"काळजी-जागरणाचाही हात असू शकतो," बाई म्हणाल्या. "कांजिण्या बऱ्या होतात, पण त्यांचा विषाणू जात नाही, नसेच्या मुळाशी झोपून राहतो. वय झालं, अंगातली ताकद कमी पडली, की तो जागा होऊ शकतो."

"म्हणजे पन्नासच्या वर वर्षं माझ्याच अंगात होती? आणि जुळली तर?"

"जुळल्यानं कोणी मरत नाही हो. ही नस मणक्यापासून निघते आणि पोटाच्या मध्यावर संपते. पट्टा बहुधा तिथेच थांबतो."

मामा विचारात पडला. मग हळूच म्हणाला, "डावी बाजू वेगळी बेतलेली, उजवी वेगळी. मध्ये शिवण."

"अगदी तसंच."

"आणि मी येडा पूर्ण घेर धरून बसलो!"

माझा जीव भांड्यात पडला. दुखणं काही त्या दिवशी थांबलं नाही. मामा आठवडाभर गोळ्या घेत, सैल सदरा घालून घरी कण्हत होता. फोडांमुळे ज्यांना कांजिण्या झालेल्या नाहीत त्यांना त्या होऊ शकतात, म्हणून खपल्या धरेपर्यंत गिऱ्हाइकांच्या जवळ जायला त्याला बंदी होती. मापं मी घेतली आणि त्यानं फोनवरून माझ्या चुका काढल्या.

बरा झाल्यावर आधी तो आमच्या घरी आला. "ताई, तुझीही आत झोपलीय. उठायच्या आत डॉक्टरबाईंना विचारून लस घे."

"इतकी वर्षं झोपलीय, झोपू दे की!" आई म्हणाली.

"माझीही झोपलीच होती."

आई निमूटपणे चपला घालून निघाली.

दुसऱ्या दिवशी मामा दुकानात आला तो नवं कापड घेऊनच. एकदा कापलेल्या कापडात माया घालता येत नाही, म्हणून माझ्या लेकीचा फ्रॉक त्यानं पहिल्यापासून बेतायला घेतला. खडूची रेघ बरीच बाहेर गेलेली पाहून मी ओरडले, "मामा, चार बोटं झाली! शिवण केवढी जाड होईल."

"होऊ दे," तो कात्री चालवत म्हणाला. "पुढची दोन वर्षं घेऊन ये. सोडून देतो."