फळ्यावरचं बिननावाचं वाक्य

हे मी आजवर कुणापाशी बोललेले नाही. नवऱ्यापाशी नाही, आईपाशी तर नाहीच. तुम्हाला का सांगतेय? तुम्ही माझ्या ओळखीचे नाही, म्हणून असेल.

मी जवळा बाजार गावच्या शाळेत इंग्रजी शिकवते. बाई शब्द चांगला समजावून सांगतात, असं मुलं म्हणतात. सांगतेही. फक्त एक शब्द मी मुद्दाम अर्धवट शिकवते — अबॅन्डन. टाकून देणं, वाऱ्यावर सोडणं. तो मला रंजनानं शिकवला होता, आम्ही नववीत असताना.

आमचं गाव सिद्धेश्वर धरणाच्या कालव्यावर. रंजनाचे वडील कालव्याचे चौकीदार, म्हणून त्यांना कालव्याकाठी सरकारी खोली. वडील आजारी आहेत, नाशिकला दवाखान्यात आहेत, असं तिची आई सांगायची. तोवर पाणी सोडणं, कालव्याचं दार बंद करणं आईच करायची, अंधारात उठून, डोक्यावरचा पदर घट्ट खोचून. गावाला त्या बाईचं कौतुक होतं.

आमच्या सरांची एक रीत होती. शाळा सुटताना ते फळ्याच्या कोपऱ्यात एक नवा इंग्रजी शब्द लिहीत. तो रात्रभर तसाच राही. सकाळी प्रार्थनेच्या आधी कुणीही त्याखाली वाक्य लिहायचं — नाव घालायचं नाही, म्हणजे चुकलं तरी कुणी हसायला नको. अट एकच. वाक्य गाईडमधलं नको, आपल्या गावातलं पाहिजे आणि खरं पाहिजे. सर सगळ्यात चांगल्या वाक्याभोवती गोल करत. मग रंजना ते मोठ्यानं वाचून मराठीत सांगे. रोज तीच, कारण तिच्यासारखं वाचणारं वर्गात कुणी नव्हतं. गोलही बहुतेक तिच्याच वाक्याला. मी तिची जिवाभावाची मैत्रीण — आणि तिच्यावर मनातून जळत होते. सरळच सांगते, जळत होते.

त्या संध्याकाळी अबॅन्डन होता. रंजनानं शाळेच्या डिक्शनरीत अर्थ पाहिला आणि घरी जाताना कालव्याच्या कडेनं चालता चालता मला सांगितला. मग थांबली. म्हणाली, "इंदू, आमच्या बापानं आमाला हेच केलंय बघ. नाशिक नाही न् दवाखाना नाही. दुसरं घर केलंय त्यानं." पुढे म्हणाली, "कालव्याच्या कचेरीत कळलं तर खोली जाईल. कुणाला बोलू नको. मराठीत तोंडातून निघत न्हवतं गं. इंग्रजीत लाज वाटली न्हाई."

मी तिचा हात धरला होता. तो हात खोटा होता का? नाही, त्या वेळी नव्हता. म्हणूनच पुढचं मला उलगडत नाही.

सकाळी मी सगळ्यांच्या आधी वर्गात गेले. काय लिहावं, यावर रात्री बराच विचार केला होता. दुसरं काही सुचत नव्हतं, असं म्हणू? सुचत होतं. पडकी विहीर होती, बंद पडलेली कापसाची जिनिंग होती. पण ती वाक्यं साधी होती. हे खरं होतं, गावातलं होतं, शब्द त्यात अगदी चपखल बसत होता. कालव्याच्या चौकीदारानं बायको आणि मुलीला टाकलं आहे, तो नाशिकला नाही — असं मी इंग्रजीत लिहिलं, अक्षर बदलून. कचेरीतल्या कारकुनाचा मुलगा आमच्याच वर्गात होता. हे मला ठाऊक नव्हतं का? ठाऊक होतं.

सर रोज बसनं यायचे, त्यांना गावातलं काही माहीत नव्हतं. त्यांनी व्याकरण पाहिलं, "बराबर," म्हणाले आणि गोल केला. माझ्या वाक्याला. मला आनंद झाला — हेही सांगायलाच हवं. मग रंजना उठली. इंग्रजी वाचलं. मराठीत सांगायला लागली आणि थांबली. सरांना म्हणाली, "सर, या शब्दाचा अर्थ मला येत नाही." मग सरांनीच वर्गाला अर्थ सांगितला. ती उभीच होती.

काही दिवसांतच कचेरीची माणसं आली. खोली गेली. मामा बैलगाडी घेऊन आला आणि मायलेकींना घेऊन गेला. रंजनाची शाळा तिथंच संपली. निघताना तिनं मला बाजूला नेऊन विचारलं, "तू न्हाई ना?" मी आईच्या गळ्याची शपथ घेतली. तिनं मान हलवली. त्या गोष्टीबद्दल आणखी कुणाला माहीत असणं शक्यच नव्हतं, हे तिच्यासारख्या हुशार मुलीला कळलं नसेल? मला अजून ठरवता येत नाही.

पुढे बऱ्याच वर्षांनी ती बाजारात भेटली. लग्न इकडेच झालेलं, दुसऱ्याच्या रानात मजुरी, हात चिरलेले. माझे हात हातात घेऊन म्हणाली, "तू बाई झालीस, लई बरं वाटलं. त्या कारकुनाच्या पोरानंच लिवलं असंल, न्हाई का?" मी म्हणाले, "व्हय, त्यानंच." तिनं तिची मुलगी माझ्या शाळेत घातली. माझ्या भरवशावर.

ती मुलगी आता माझ्या वर्गात आहे. मागच्या आठवड्यात धड्यात तो शब्द आला. मी गाईडमधलं वाक्य दिलं — खलाशांनी जहाज सोडून दिलं. समुद्र न पाहिलेल्या मुलांनी ते उतरवून घेतलं. रंजनाच्या मुलीनं हात वर केला. "बाई, हा शब्द माणसाला वापरतात का?"

मी नाही म्हणाले.